जमीन विकून पोर्तुगालच्या खेड्यात स्थायिक व्हावे का? जाणकारांचे मत हवे

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार. मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत गुणवत्ता विभागात नोकरी करतो, पत्नी खासगी शाळेत शिकवते आणि मुलगी सातवीत आहे. अहमदपूर तालुक्यात माझ्या नावावर वडिलोपार्जित सात एकर कोरडवाहू जमीन असून ती चुलतभाऊ बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करतो. शहरात राहत्या घराखेरीज एक सदनिका आहे आणि तिचे महिना अठरा हजार रुपये भाडे येते.

गेल्या काही वर्षांपासून आम्हा दोघांच्या मनात एकच विचार घोळतो आहे. गरजा कमी कराव्यात, भाजीपाला स्वतः पिकवावा, दिवस उजेडात आणि मातीत जावा. पोर्तुगालच्या अंतर्भागातील खेडी ओस पडत चालली असून तिथे दगडी घर आणि थोडी ऑलिव्हची झाडे आपल्या शहरातील सदनिकेच्या किमतीत मिळतात, असे वाचनात आल्यापासून हा विचार अधिक पक्का झाला आहे. जमीन आणि सदनिका विकून तिकडे जावे, असे सध्या वाटते.

'मग स्वतःच्या गावीच का जात नाही?' हा प्रश्न येणार, हे मला ठाऊक आहे. गावाशी माझे वैर नाही. परंतु सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत ओढ्याकाठची आमची माती खरडून गेली, खाली नुसता मुरूम उरला आणि ती पुन्हा भरून काढण्याची उमेद भावातही राहिलेली नाही. शिवाय गावात पाऊल ठेवले की कोणत्या गटाचे, कोणाच्या लग्नाला गेलात, बांध कोणी कोरला, यातच दिवस संपतो. जिथे आम्हाला कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी साधेपणाने राहता येईल, अशी आशा आहे. कायद्याच्या आणि प्रत्यक्ष जगण्याच्या अडचणी कोणत्या, ते कृपया मोकळेपणाने सांगावे.

प्रतिसाद (लातूर)

मी करसल्लागार म्हणून काम करतो, त्यामुळे आधी कागदांचे बोलतो.

घर विकत घेतले म्हणजे तिथे राहण्याचा परवाना मिळाला, असे होत नाही. आपल्यासारख्यांसाठी जो मार्ग आहे त्याला डी-7 व्हिसा म्हणतात आणि तो भाडे, निवृत्तिवेतन, लाभांश अशा नियमित उत्पन्नावर मिळतो. नोकरीचा पगार त्यात धरला जात नाही. उत्पन्नाची मर्यादा तिथल्या किमान वेतनाशी जोडलेली आहे. 2025 मध्ये ते वेतन महिना 870 युरो होते. मुख्य अर्जदारासाठी तेवढे, जोडीदारासाठी त्याच्या निम्मे आणि अपत्यासाठी 30 टक्के धरले तर तिघांचे मिळून 1,566 युरो होतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर ही रक्कम महिना दीड लाखाच्या पुढे जाते. आपले भाडे अठरा हजार आहे, आणि ज्या सदनिकेतून ते येते तीच आपण विकायला निघाला आहात. बँकेत मोठी शिल्लक असणे अर्जाला बळ देते, पण दरमहा येणाऱ्या उत्पन्नाची जागा ती घेत नाही. आपल्या बेतातली खरी अडचण इथे आहे; बाकीच्या गोष्टी त्यानंतरच्या.

आता जमिनीविषयी. मराठवाडा पूर्वी हैदराबाद संस्थानात असल्यामुळे आपल्याकडे 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू आहे आणि शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शासनाच्या परवानगीशिवाय शेतजमीन खरेदी करता येत नाही. आपण साती एकर विकले आणि पाच वर्षांनी परतलात, तर शेतकरी असल्याचा पुरावा कुठून आणणार? त्यात परदेशी विनिमयाच्या कायद्यानुसार अनिवासी भारतीयाला शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेताच येत नाही. मात्र भारतात राहत असताना मिळालेली किंवा वारशाने आलेली जमीन तो ठेवू शकतो, आणि पुढे विकायची झाल्यास ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. म्हणून विकायचेच असेल तर सातबाऱ्यावर एखादा एकर तरी नावावर राहू द्यावा, असा माझा आग्रह आहे.

पैसे नेण्याची अडचण त्या मानाने कमी आहे. भारतात निवासी असताना प्रत्येक व्यक्तीला आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. घरखरेदीसाठी वर्षाला 10 लाख रुपयांवर पाठवलेल्या रकमेवर 20 टक्के कर आगाऊ कापला जातो आणि तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. आपली जमीन अहमदपूर नगरपरिषदेच्या हद्दीपासून सरळ रेषेत 2 किलोमीटरच्या पलीकडे असेल, तर तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. सदनिकेवर मात्र लागेल.

प्रतिसाद (कास्तेलो ब्रांको जिल्हा, पोर्तुगाल, मूळ नांदेड)

आपला प्रश्न वाचून राहवले नाही. मी आणि माझे पती इथे एका डोंगराळ खेड्यात राहतो. आम्ही आलो याचा मला आनंद आहे, तरीही आपण जे चित्र रंगवले आहे त्यातल्या दोन गोष्टींविषयी मला बोललेच पाहिजे.

पहिली गोष्ट, इथे कोणी ओळखत नाही असे कधीच घडत नाही. ज्या गावात वयस्क माणसांची मोजकीच घरे उरली आहेत, तिथे नव्या माणसाच्या घराचा धूर किती वाजता निघतो हेही सर्वांना माहीत असते. शेतजमिनीचा छोटा तुकडा विकायला निघाला, तर लगतच्या जमिनीच्या मालकाला तो घेण्याचा पहिला हक्क कायद्यानेच दिलेला आहे. त्याला रीतसर न कळवता व्यवहार केला, तर तो न्यायालयात जाऊन ती जमीन स्वतःकडे घेऊ शकतो. बऱ्याच जमिनी अनेक वारसांच्या सामाईक नावावर आहेत, त्यांतले काही फ्रान्समध्ये तर काही ब्राझीलमध्ये, आणि सर्वांच्या सह्या जुळल्याशिवाय खरेदीखत होत नाही. वाटण्या, बांध, भाऊबंदकी यांपासून सुटका हवी म्हणून कोणी इथे येत असेल, तर त्याने हे आधी जाणून घ्यावे.

दुसरी गोष्ट ऋतूंची. आपल्याकडे मृगाची वाट पाहायची सवय; इथे जून ते सप्टेंबर पाऊस फारच कमी असतो आणि खरा पाऊस हिवाळ्यात पडतो. त्यामुळे भाजीपाल्याचा हंगाम नेमका कोरडा असतो आणि विहिरीला किंवा बोअरला पाणी किती, यावर सगळे अवलंबून राहते. त्याच दिवसांत वणव्यांची भीती असते. जून 2017 मध्ये पेद्रोगाव ग्रांदेच्या वणव्यात साठहून अधिक माणसे गेली, त्यातली अनेक जण गाडीत बसून निसटण्याच्या प्रयत्नात रस्त्यावरच सापडली. इथे घराभोवती 50 मीटरपर्यंतचे गवत आणि झुडपे उन्हाळ्यापूर्वी साफ करणे मालकाला बंधनकारक आहे. उतारावर, दगडांतून हे काम यंत्राने करताना हाताला इतकी कंपने बसतात की संध्याकाळी पेला नीट धरता येत नाही. दगडी घरे चित्रात सुंदर दिसतात. जानेवारीत त्यांच्या भिंतींतून ओल येते आणि लाकडाची शेगडी विझली की आतली थंडी बाहेरच्यापेक्षा अधिक वाटते.

मग आनंद कशाचा, असे आपण विचाराल. नोव्हेंबरमध्ये ऑलिव्हची तोडणी असते. झाडाखाली जाळी अंथरून काठीने फांद्या झोडपतात, पाने वेचून टाकतात आणि पोती घाण्यावर नेतात. पहिल्या वर्षी आम्हाला झोडपण्याची रीत माहीत नव्हती, तेव्हा शेजारच्या वृद्ध बाई न बोलावता काठी घेऊन आल्या आणि फांदीला कसे मारायचे ते दाखवून गेल्या; चुकीचे मारले तर पुढच्या वर्षीची कोवळी डहाळी मोडते. येळवसाला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्या आजोळी शेतात जेवायला न बोलावलेली माणसेही हक्काने बसत, तशी माया इथे मिळाली. पण ती मिळण्यासाठी पोर्तुगीज बोलावे लागले आणि अंत्यविधींपासून गावच्या उत्सवापर्यंत सगळीकडे जावे लागले.

मुलीविषयी आपण फारच कमी लिहिले आहे. खेड्यातल्या बहुतेक शाळा बंद झाल्या आहेत. मुले बसने तालुक्याच्या गावी जातात आणि शिक्षण पोर्तुगीजमध्ये होते. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला हे जमते, परंतु पहिले वर्ष कठीण जाते. तिला विचारले आहे का?

प्रतिसाद (परभणी)

मी शेती करतो, परदेशाचा अनुभव नाही. माती खरडून गेल्याचे दुःख मला कळते, आमचीही गेली. गाळ टाकून ती पुन्हा उभी करायला वर्षे आणि पैसा लागतो, हे कबूल. तरीही एक सांगतो. तिकडे वणव्याआधी उतारावरचे गवत काढण्याची तयारी असेल, तर तीच मेहनत सात एकरांपैकी एका एकरावर, सदनिकेचे भाडे चालू ठेवून, दोन हंगाम करून पाहावी. जमीन ठेवून जाणार असाल, तर दर हंगामात ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून पिकाची नोंद, कोण करणार ते भावाशी बोलून ठरवा. सातबाऱ्यावर पेरा लागला नाही, तर विम्याला आणि अनुदानाला अडचण येते. बटईचा करारही लेखी करा, भाऊ असला तरी.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. उत्पन्नाचा हिशेब मी पत्नीसमोर मांडला आणि सदनिका विकण्याचा विचार आम्ही बाजूला ठेवला आहे. जमीनही विकणार नाही. ओढ्यापासून दूरचा, विहिरीजवळचा एक एकर यंदा भावाकडून परत घेऊन स्वतः करण्याचे ठरवतो आहे. पोर्तुगालचा विचार मात्र मनातून गेलेला नाही. पर्यटक व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस राहता येते, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा काढून तोडणीच्या दिवसांत तिघांनी तिथे राहून यावे, असे वाटते. मुलीला विचारले, तर तिने उलट विचारले की तिथल्या शाळेत एक दिवस बसून पाहता येईल का. नांदेडच्या ताईंना विनंती आहे की, तिथल्या शाळा असे बसू देतात का आणि त्यासाठी कोणाला पत्र लिहावे लागते, एवढे कळवावे.