सुपरहिरो सिनेमे अती झाल्यामुळे नवीन बघायची मजा गेलीये का?

पडदावेडा:
मंडळी, २००८ च्या आयर्न मॅनपासून मी मार्व्हलचं जवळपास सगळं बघत आलोय. २०१२ च्या अव्हेंजर्समध्ये सगळे गोल करून उभे राहतात आणि कॅमेरा त्यांच्याभोवती फिरतो तेव्हा अंगावर काटा आला होता, २०१९ च्या अव्हेंजर्स: एंडगेमला तर सरळ रडलो. पण हल्ली नवीन काही बघायला बसलं की आधीच कळतं, आता आभाळात काहीतरी उघडणार, मग शहर कोसळणार, मग नावं संपल्यावर पुढच्या सिनेमाची झलक. वाईट नसतात हो, पण आत काही हलत नाही. जास्त बघून आपलंच मन बोथट झालंय की सिनेमेच तसे येतायत?

निशाचर:
माझ्या मते आकडा नाही, गृहपाठ नडतो. एंडगेमपर्यंत ११ वर्षांत २२ सिनेमे होते, ते झेपले. मग एकट्या २०२१ मध्ये ४ सिनेमे आणि वर ५ सिरीज! द मार्व्हल्समधल्या तिघींपैकी दोघी नीट कळायला आधी वेगवेगळ्या सिरीज बघितलेल्या हव्यात, एवढं कोण करणार? तो चाललाही नाही.

कॉमिकवाली:
मला वाटतं खरं दुखणं वेगळंच आहे. मरणाला किंमत राहिली नाही. एंडगेमच्या आधीच्या इन्फिनिटी वॉरमध्ये थोरचा भाऊ लोकी मेला, लगेच दुसऱ्या काळातला लोकी घेऊन सिरीज. गमोराचं तेच. मल्टिव्हर्स म्हणजे अनेक समांतर विश्वं आणल्यापासून तर कोणीही गेलं तरी दुसऱ्या विश्वातून बदली माणूस तयारच असतो, मग हिरो संकटात सापडला तरी आपण घाबरायचं कशाला? टोनी स्टार्कच्या, म्हणजे आयर्न मॅनच्या मरणाला आपण रडलो कारण त्या माणसाला आपण इतकी वर्षं बदलताना बघितलं होतं आणि तो परत येणार नाही असं तेव्हा मनापासून वाटलं होतं. ती भीतीच काढून घेतली तर उरते नुसती मारामारी, आणि ती कितीही भारी केली तरी दहाव्यांदा तीच.

जुनाप्रेक्षक:
कॉमिकवालीशी सहमत. मन बोथट झालं असतं तर स्पायडरमॅन सगळ्यात आधी कंटाळवाणा व्हायला हवा होता, तरी २०१८ चा ॲनिमेशनवाला इन्टू द स्पायडर-व्हर्स एकदम ताजा वाटला, ऑस्करही मिळालं. त्यातही अनेक विश्वं आहेतच की, पण गोष्ट एका पोराची आहे आणि त्याचा काका मरतो तो मरतोच. २०१९ च्या जोकरमध्ये तर सुपरहिरोच नाही, तरी १०० कोटी डॉलरच्या वर गेला. पडदावेडा, तू वोल्व्हरिनवरचा लोगन बघितलास का?

पडदावेडा:
नाही रे, तो मार्व्हल स्टुडिओचा नाही, फॉक्स कंपनीचा होता म्हणून तेव्हा सोडला. मरणाचा मुद्दा मात्र पटला, शेवटचं मी कोणासाठी घाबरलो होतो ते आठवून बघितलं तर टोनीच आठवला. लोगनसाठी त्याच मालिकेतले आधीचे सगळे एक्स-मेन सिनेमे बघायला लागतील का?

जुनाप्रेक्षक:
अजिबात नाही. म्हातारा झालेला, जखमा भरून न येणारा एक माणूस आणि एक लहान मुलगी, एवढं कळलं की पुरे. सरळ लाव.

कॉमिकवाली:
आणि २०२४ चा डेडपूल-वोल्व्हरिन त्याच्या आधी बघू नकोस प्लीज, त्यात लोगनचा शेवट सुरुवातीलाच सांगून टाकलाय.