‘कर्ण’ की ‘विकर्ण’? एका ओळीत बनणाऱ्या मॅट्रिक्सचे मराठी नाव

विचारणा (लातूर)

पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एपीएल या संगणकभाषेवर मी मराठीत टिपणे लिहीत आहे. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यापर्यंतच्या तिरक्या जागा सोडून बाकी सगळीकडे शून्य असलेल्या चौरस मॅट्रिक्सला (ओळी आणि स्तंभांत मांडलेल्या संख्यांच्या चौकटीला) काय म्हणावे, येथे माझे घोडे अडले आहे. इंटरनेटवर ‘विकर्ण आव्यूह’ सापडते, एक सहकारी ‘कर्ण सारणी’ सुचवतात आणि मुले सरळ ‘डायगोनल मॅट्रिक्स’ म्हणतात. शिवाय ती बनवणारी पुढील ओळ मराठीत वाचून कशी दाखवावी, हेही जाणकारांनी सांगावे.

३ ३⍴२ ५ ७,३ ३⍴०

संगणकावर अर्थातच आकडे इंग्रजी पद्धतीने टंकावे लागतात. मधले चिन्ह ग्रीक ‘रो’ या अक्षराचे आहे.

उत्तर (नांदेड)

सर, ‘विकर्ण’ आपल्याकडे हिंदीतून आलेला दिसतो. हिंदीत काटकोन त्रिकोणाच्या सर्वांत लांब बाजूला ‘कर्ण’ आणि चौकोनाचे समोरासमोरचे शिरोबिंदू जोडणाऱ्या रेषाखंडाला ‘विकर्ण’ अशी वाटणी आहे. मराठी शालेय भूमितीने ती कधी केली नाही; आपण त्रिकोणाचाही कर्ण म्हणतो आणि चौकोनाचेही कर्णच म्हणतो. याला ढिलाई समजू नये, कारण आयताचा कर्ण काढला की तोच दोन काटकोन त्रिकोणांचा कर्ण होतो, आणि भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही (११५०) दोन्ही ठिकाणी हाच शब्द चालतो. शुल्बसूत्रांत याच तिरक्या दोरीसाठी ‘अक्ष्णया’ असा शब्द आहे, पण तो आता उकरून काढण्यात हशील नाही. विकर्ण म्हटल्यावर मराठी वाचकाला द्यूतसभेत द्रौपदीची बाजू घेणारा धृतराष्ट्राचा मुलगा आठवतो; कर्णही त्याच सभेतला हे खरे, पण त्याला आपल्या शाळेने भूमितीत केव्हाच सामावून घेतले आहे.

‘सारणी’ मात्र नको. ‘वारंवारता सारणी’मुळे तो शब्द शाळेतच तक्त्याच्या अर्थाने रुजलेला आहे. त्यात हिंदीत ‘सारणिक’ म्हणजे आपल्या दहावीच्या पुस्तकातला ‘निश्चयक’ (डिटर्मिनंट), त्यामुळे दोन्ही भाषांतली पुस्तके वाचणारा विद्यार्थी हमखास अडखळेल. माझे मत ‘कर्ण मॅट्रिक्स’ला आहे. शब्द संकरित आहे, पण ‘रेल्वेमार्ग’ आणि ‘बसथांबा’ म्हणताना आपली जीभ कुठे अडते?

उत्तर (परभणी)

‘कर्ण मॅट्रिक्स’ मलाही पटते. मात्र या शब्दामुळे डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते, ते दिलेल्या ओळीत कोठेही नाही, हे टिपणात सांगायला हवे. गवंडी पायाची आखणी गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे की नाही हे पाहताना कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही बाजूंनी फीत लावतो. तेथे कर्ण खरोखर ताणलेला असतो. एपीएलच्या या ओळीत तिरके असे काहीच नाही.

ही भाषा उजवीकडून डावीकडे वाचली जाते. प्रथम तीन ओळी आणि तीन स्तंभांत शून्ये मांडली जातात. मग स्वल्पविरामाने २, ५, ७ हा स्तंभ त्या शून्यांच्या डाव्या अंगाला जोडला जातो, म्हणजे प्रत्येक ओळीत एक संख्या आणि तिच्यामागे तीन शून्ये, अशा एकूण बारा संख्या होतात. शेवटी या बारा संख्या सलग धरून तीन बाय तीन अशा पुन्हा मांडल्या की पहिल्या नऊच मावतात आणि उरलेली तीन शून्ये गळतात. २, ५, ७ यांतल्या लागोपाठच्या दोन संख्यांमधले अंतर चार आहे, ओळीची लांबी मात्र तीन. म्हणून पुढच्या ओळीत गेल्यावर संख्या एक घर उजवीकडे सरकते, आणि या सरकण्यालाच आपला डोळा कर्ण समजतो. संख्या कमी पडल्या तर हेच चिन्ह त्या पुन्हा पहिल्यापासून वापरते, म्हणून ३ ३⍴१ ० ० ० एवढे लिहिले तरी एकक मॅट्रिक्स, म्हणजे कर्णावर सगळीकडे एक असलेली मॅट्रिक्स, मिळते.

आता वाचनाविषयी. केनेथ आयव्हर्सन यांनी १९६२ च्या पुस्तकात ही चिन्हपद्धती मांडली. पुढे १९९० मध्ये रॉजर हुई यांच्यासह त्यांनी जी ‘जे’ भाषा केली, तीत फंक्शनला ‘क्रियापद’ असेच म्हणतात. ‘रो’साठी ‘पुनर्रचना करणे’ असे जड शब्द वापरण्याऐवजी ‘मांडणे’ हे आपले क्रियापद घ्यावे. गणित मांडतात, सोंगट्या मांडतात, पंगतीला ताटे मांडतात, आणि या सगळ्यांत ठरलेल्या जागी क्रमाने ठेवणे हाच अर्थ आहे.

पुन्हा विचारणा (लातूर)

‘मांडणे’ फारच चपखल आहे, सर. मग ओळ क्रमांक आणि स्तंभ क्रमांक यांची तुलना करून, जेथे ते समान तेथे एक आणि अन्यत्र शून्य असा तक्ता बनवून त्याला २, ५, ७ ने गुणण्याची जी दुसरी रीत आहे, ती कर्णाच्या अर्थाला अधिक जवळची नाही का?

उत्तर (परभणी)

व्याख्येच्या दृष्टीने जवळची आहे, कारण कर्ण म्हणजे दोन क्रमांक समान असणे, हे ती उघड सांगते. म्हणून शिकवताना ती आधी घ्यावी. पण तीन बाय तीनसाठीही तीत नऊ तुलना आणि नऊ गुणाकार होतात आणि त्यांतले सहा गुणाकार केवळ शून्याने असतात. एपीएलमध्ये तो गुणाकार कोणत्या अक्षावर (ओळींच्या की स्तंभांच्या दिशेने) करायचा हेही वेगळे सांगावे लागते, ‘जे’मध्ये ती अडचण येत नाही. शिवाय मोठ्याने वाचताना ती रीत लांबते, तर तुमची ओळ एका दमात होते: ‘दोन, पाच, सात यांच्या उजवीकडे तीन बाय तीन शून्ये जोडून सगळे तीन बाय तीन मांडा.’

उत्तर (नांदेड)

एकच दुरुस्ती. टिपणात ‘कर्णातील संख्या’ असे न लिहिता ‘कर्णावरील संख्या’ लिहावे. भूमितीत बिंदू रेषेवर असतो, आणि तुमच्या बारा संख्यांच्या रांगेत जरी कर्ण नसला, तरी मांडून झाल्यावर वाचणारा त्याकडे रेषा म्हणूनच पाहणार आहे.