इरिना रॉडनिना: जोडीदार बदलला, विजेतेपद कायम राहिले. श्रेय नेमके कोणाचे?

मृद्गंध यांचा प्रश्न:

नमस्कार. गेले काही महिने मी फिगर स्केटिंगमधील जोडी स्पर्धांची जुनी चित्रमुद्रणे पाहत आहे आणि दर वेळी इरिना रॉडनिना या नावापाशी येऊन थबकतो. १९६९ ते १९७८ अशी सलग दहा जागतिक विजेतेपदे, युरोपीय स्पर्धेत अकरा, आणि १९७२, १९७६ व १९८० अशा लागोपाठच्या तीन हिवाळी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक. जोडीच्या प्रकारात ऑलिंपिकचे सुवर्ण तीनदा मिळवणारे दुसरे कोणीही आजवर झालेले नाही. यातली पहिली चार जागतिक विजेतेपदे आणि साप्पोरोचे १९७२ चे ऑलिंपिक तिने अलेक्सी उलानोवबरोबर जिंकले, तर पुढचे सारे अलेक्झांडर झायत्सेवबरोबर.

माझी अडचण अशी आहे की हा खेळ दोघांचा आहे. जोडीदार बदलूनही यशात खंड पडला नाही म्हणजे सारे कर्तृत्व तिचे, असा निष्कर्ष सहज निघतो. पण तिच्यामागे स्तानिस्लाव झूकसारखा प्रशिक्षक होता, सोव्हिएत क्रीडाव्यवस्था होती, आणि गुण देणारे परीक्षकही निःपक्षपाती होतेच असे नाही. या साऱ्यातून तिचा स्वतःचा वाटा कसा वेगळा काढावा? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

दीपमाळ यांचा प्रतिसाद:

मृद्गंध, आपण झूकचा उल्लेख केला ते बरे झाले, कारण त्याला वगळून रॉडनिनाविषयी काही बोलता येत नाही. तिचा जन्म १२ सप्टेंबर १९४९ रोजी मॉस्कोत झाला. वडील लष्करात अधिकारी होते. लहानपणी तिला वरचेवर न्यूमोनिया होई. मोकळ्या थंड हवेत व्यायाम करावा म्हणून आईवडिलांनी तिला बर्फावर नेले आणि प्रकृतीसाठी सुरू केलेली ही गोष्ट पुढे तिचे आयुष्य होऊन बसली. चेक प्रशिक्षकांच्या हाताखाली काही काळ शिकून ती लष्कराच्या त्सेस्का क्लबमध्ये झूककडे आली. त्याने १९६६ च्या सुमारास उलानोवशी तिची जोडी जुळवली.

त्या काळात जोडी स्केटिंग म्हणजे ल्युडमिला बेलुसोव्हा आणि ओलेग प्रोतोपोपोव, असे समीकरण होते. १९६४ आणि १९६८ ची ऑलिंपिक सुवर्णपदके त्यांची. लांब, संथ रेषा, बॅलेसारखे हात, संगीताच्या प्रत्येक वळणावर रेंगाळणारी हालचाल. त्यांचे स्केटिंग आजही पाहताना मन शांत होते. झूकने त्यांच्या वाटेने जाण्याचा प्रयत्नच केला नाही. रॉडनिनाची उंची पाच फुटांच्या आसपास, अंगलट मजबूत, पायांत विलक्षण जोर. अशा मुलीला हंसासारखे तरंगायला लावण्यापेक्षा तिच्या वेगालाच कार्यक्रमाचा कणा करावा, हे त्याने ओळखले. एका घटकातून दुसऱ्यात जाताना मध्ये विसावा नाही, उडीच्या आधी लांबलचक तयारी नाही, आणि शेवटच्या मिनिटातही सुरुवातीचाच वेग, अशी त्याची रचना असे. १९६९ मध्ये आधी गार्मिश-पार्टेनकिर्शेन येथे युरोपीय आणि मग कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे जागतिक स्पर्धेत एकोणीस वर्षांच्या या मुलीने आणि उलानोवने प्रोतोपोपोव दांपत्याला मागे टाकले. जागतिक स्पर्धेत ते दांपत्य तिसऱ्या क्रमांकावर गेले आणि या प्रकाराची दिशाच पालटली. पुढच्या दशकातील प्रत्येक जोडीला आधी वेग कमवावा लागला आणि मग सौंदर्याचा विचार करता आला.

म्हणून आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की कल्पना झूकची होती, पण ती पेलू शकेल असे शरीर आणि असा स्वभाव त्याला एकाच मुलीत सापडला. पुढे त्याने इतरही उत्तम जोड्या घडवल्या. त्यांपैकी कोणालाही दहा वर्षे टिकता आले नाही.

रानवाट यांचा प्रतिसाद:

दीपमाळ यांनी लिहिलेले पटते. मी पुण्यात अनेक वर्षे मुलांना रोलर स्केटिंग शिकवत आहे. चाकांवरचा खेळ आणि बर्फावरचा खेळ यांत बराच फरक असला, तरी दोन शरीरांचा तोल कसा सांभाळला जातो याची थोडी कल्पना त्यातून येते. म्हणून जोडीदाराच्या बाजूने चार शब्द लिहितो.

लिफ्ट, म्हणजे जोडीदाराने मुलीला डोक्यावर उचलण्याची कृती, पाहताना आपले डोळे वर, मुलीकडे जातात. खरे तर आधी खाली पाहावे. पुरुषाचा हात कोपरापासून सरळ, आणि त्याच वेळी त्याचे पाय पात्याची धार बदलत, स्वतःभोवती गिरक्या घेत पुढे सरकत असतात. पण वर असलेली व्यक्ती निव्वळ ओझे नसते. तिने पोट, पाठ आणि मांड्या ताठ धरल्या नाहीत, तर कितीही ताकदीच्या माणसाला ती तोलता येत नाही. शिवाय उचलण्यापूर्वीचा निम्मा जोर तिच्याच उडीतून येतो. रॉडनिनाच्या लिफ्ट पाहा. ती उचलली जाण्याची वाट पाहत नाही, बर्फ सोडून आधीच निघालेली असते. जोडीदार बदलूनही ती का थांबली नाही, याचे एक कारण मला इथे दिसते.

उलानोवचे प्रकरण दुःखद होते. तो संघातीलच दुसऱ्या जोडीतल्या ल्युडमिला स्मिर्नोव्हाच्या प्रेमात होता, आणि १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये स्मिर्नोव्हा व तिचा जोडीदार सुराइकिन यांनीच रौप्य मिळवले होते. त्यानंतर कॅलगरी येथील जागतिक स्पर्धेच्या तोंडावर सरावात लिफ्ट चुकली आणि रॉडनिना डोक्यावर पडली. तिला रुग्णालयात न्यावे लागले, मेंदूला मार बसल्याचे निदान झाले. तरीही ती बर्फावर उतरली आणि त्यांनी चौथे विजेतेपद मिळवले. डोक्याला असा मार लागलेल्या खेळाडूला आज कोणताही जबाबदार डॉक्टर स्पर्धेत उतरू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. या प्रसंगाकडे केवळ शौर्य म्हणून पाहणे मला जमत नाही. त्यानंतर उलानोवने स्मिर्नोव्हाबरोबर नवी जोडी केली आणि बावीस वर्षांची, चार वेळची जगज्जेती जोडीदाराविना उरली.

त्याच वसंतात लेनिनग्राडचा झायत्सेव तिच्यासोबत स्केटिंग करू लागला. तो तिच्याहून जवळजवळ तीन वर्षांनी लहान, आंतरराष्ट्रीय पातळीवर नाव नसलेला. उंच होता, उड्या चांगल्या होत्या, पण जगज्जेतीच्या बरोबरीने उभे राहण्याचा अनुभव शून्य. वर्षही पुरे झाले नव्हते तोच १९७३ मध्ये कोलोन येथे ही नवी जोडी युरोपीय विजेती झाली आणि परीक्षकांकडून ६.० या सर्वोच्च गुणांची खैरात झाली. जोडीतील दोघांची पावले एकमेकांत मुरायला सामान्यतः दोन-तीन हंगाम जातात, हे लक्षात घेतले की या काही महिन्यांमागच्या श्रमांचा अंदाज येतो. त्या श्रमांत झायत्सेवचा वाटा निम्म्याहून अधिक होता असे मी म्हणेन, कारण तिला नव्या माणसाशी जुळवून घ्यायचे होते, तर त्याला जवळजवळ सारेच नव्याने शिकायचे होते.

आणि मग ब्रातिस्लाव्हा. त्याच वर्षीच्या जागतिक स्पर्धेत, छोट्या कार्यक्रमाच्या (ठरावीक घटकांच्या पहिल्या टप्प्याच्या) मध्यावर संगीत एकाएकी बंद पडले. चित्रमुद्रण असेल तर आवाज मोठा करून पाहा. आधी काही क्षण प्रेक्षकांत कुजबुज, मग फक्त पात्यांची खरखर, आणि हळूहळू टाळ्या. दोघे थांबत नाहीत, एकमेकांकडे प्रश्नार्थक पाहतही नाहीत. पायांच्या जलद क्रमात जिथे संगीताचा ठेका हाच आधार असतो, तिथेही दोघांची पाती एकाच वेळी बर्फाला टेकतात. कार्यक्रम संपला तेव्हा सारे सभागृह उभे राहिले. त्यांनी विजेतेपद जिंकले, तेही स्मिर्नोव्हा आणि उलानोव यांना दुसऱ्या क्रमांकावर ठेवून. ठेका बाहेरून मिळेनासा झाल्यावर तो दोघांच्याही अंगात होता, हे त्या दिवशी सिद्ध झाले, आणि असा ठेका एकट्या रॉडनिनाच्या अंगी असून भागले नसते.

उत्तरायण यांचा प्रतिसाद:

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु परीक्षकांचा मुद्दा बाजूला पडला, म्हणून लिहीत आहे. त्या काळी नऊ परीक्षक तांत्रिक गुणवत्ता आणि कलात्मक ठसा असे दोन गुण देत आणि त्यांतून लावलेल्या क्रमांकांवर निकाल ठरे. शीतयुद्धाच्या काळात या क्रमांकांत राष्ट्रांची गणिते मिसळत, यात शंका नाही. सोव्हिएत परीक्षकांचा पक्षपात इतका उघड होता की आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने १९७७-७८ च्या संपूर्ण हंगामासाठी त्या देशाच्या परीक्षकांवर बंदी घातली.

पण याच बंदीमुळे आपल्याला एक तपासणी आयतीच मिळते. त्या हंगामात, एकही सोव्हिएत परीक्षक नसताना, ओटावा येथे रॉडनिना आणि झायत्सेव पुन्हा जगज्जेते झाले. तेच तिचे दहावे विजेतेपद, ज्याने तिने सोन्या हेनीच्या १९२७ ते १९३६ मधील दहा जागतिक विजेतेपदांची बरोबरी केली. हेनी एकेरीची खेळाडू होती, त्यामुळे तिला जोडीदाराची चिंता नव्हती, हा फरकही लक्षात घ्यावा.

स्पर्धा कितपत कडवी होती, हा प्रश्न मात्र मला अधिक गंभीर वाटतो. त्या दशकात तिचे खरे प्रतिस्पर्धी प्रामुख्याने तिच्याच देशातले आणि पूर्व जर्मनीतले होते. इन्सब्रूकच्या १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्य आणि कांस्य दोन्ही पूर्व जर्मन जोड्यांकडे गेले. म्हणजे राज्याने पोसलेल्या दोन व्यवस्थांमधली ही झुंज होती, आणि ज्या देशांत खेळाडूला स्वतःच्या खिशातून बर्फाचे भाडे भरावे लागे, तिथल्या जोड्या या शर्यतीत बऱ्याच मागे होत्या. रॉडनिनाची थोरवी मान्य करताना हे विसरू नये, असे मला वाटते.

मृद्गंध यांचा पुढील प्रश्न:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ओटावाची गोष्ट मला अजिबात ठाऊक नव्हती. एक शंका उरते. १९७४ मध्ये रॉडनिनाने झूकला सोडून प्रशिक्षक तात्याना तारासोव्हाकडे जाणे पसंत केले, असे वाचले. यश झूकचे असते तर त्यानंतर घसरण व्हायला हवी होती. तारासोव्हाने नेमके काय बदलले? आणि १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमधील सुवर्णाविषयी अमेरिकेत अजूनही नाराजी का आढळते?

दीपमाळ यांचा प्रतिसाद:

झूकची शिस्त लष्करी आणि अतिशय कठोर होती. त्याच्या हाताखाली वेग आणि अचूकता मिळाली, पण दोन माणसे एकमेकांसाठी स्केटिंग करीत आहेत असे क्वचितच वाटे. तारासोव्हा तेव्हा वयाने रॉडनिनाहून फार मोठी नव्हती. तिने वेगाला हात लावला नाही. संगीताची निवड, हातांच्या रेषा आणि दोघांमधील नजरानजर यांवर काम केले. १९७५ मध्ये रॉडनिना आणि झायत्सेव यांचा विवाहही झाला. १९७३ आणि १९७६ ची चित्रमुद्रणे लागोपाठ पाहिलीत तर फरक स्पष्ट दिसेल. माझ्या मते आपल्या मूळ प्रश्नाचा सर्वांत भक्कम पुरावा इथेच आहे: जोडीदार बदलला, मग प्रशिक्षकही बदलला, शैलीही काहीशी बदलली, आणि या सगळ्यांत न बदललेली गोष्ट एकच उरते.

आता लेक प्लॅसिड. फेब्रुवारी १९७९ मध्ये तिला मुलगा झाला, त्यामुळे तो हंगाम तिने पूर्ण सोडला. त्या वर्षीचे जागतिक विजेतेपद अमेरिकेच्या ताई बाबिलोनिया आणि रँडी गार्डनर यांनी पटकावले. परत येताना ती तिशी ओलांडलेली आई होती आणि समोर घरच्या प्रेक्षकांपुढे खेळणारे तरुण जगज्जेते होते. अफगाणिस्तानातील सोव्हिएत आक्रमणाला दोनच महिने झाले होते, वातावरण तापलेले होते. गार्डनरच्या जांघेचा स्नायू आधीच दुखावलेला होता. छोट्या कार्यक्रमापूर्वीच्या सरावात तो वारंवार पडला आणि त्या जोडीला माघार घ्यावी लागली. ती लढत झालीच नाही, ही खंत अमेरिकन प्रेक्षकांना आहे आणि ती अगदी रास्त आहे. रौप्य मिळवणारे चेरकासोव्हा आणि शाखराय हे झूकचेच शिष्य होते, हेही नोंदवण्यासारखे. राष्ट्रगीत सुरू असताना रॉडनिनाच्या गालांवरून ओघळणारे अश्रू जगभर दाखवले गेले. सर्व काही जिंकलेल्या, एरवी चेहऱ्यावर काही दिसू न देणाऱ्या या स्त्रीचे ते रडणे मला तिच्या कोणत्याही गुणपत्रकापेक्षा अधिक काही सांगून जाते.

रानवाट यांचा प्रतिसाद:

पुढच्या आयुष्याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे जोडतो. झायत्सेवशी तिचा संसार टिकला नाही. दुसऱ्या विवाहानंतर १९९० मध्ये ती अमेरिकेत गेली आणि कॅलिफोर्नियातील लेक ॲरोहेड येथे प्रशिक्षण देऊ लागली. तिच्या मार्गदर्शनाखाली राडका कोव्हार्झिकोव्हा आणि रेने नोव्होत्नी या चेक जोडीने १९९५ चे जागतिक विजेतेपद जिंकले. म्हणजे सोव्हिएत व्यवस्थेबाहेर, परक्या देशात, परक्या देशाच्या खेळाडूंनाही ती शिखरावर नेऊ शकली. उत्तरायण यांनी व्यवस्थेविषयी जो आक्षेप घेतला, त्याला हे काही अंशी उत्तर आहे, असे मला वाटते.

नंतर ती रशियात परतली, २००७ मध्ये युनायटेड रशिया पक्षातर्फे ड्यूमावर (रशियन संसदेच्या कनिष्ठ सभागृहावर) निवडून आली आणि २०१४ मध्ये सोची ऑलिंपिकची ज्योत तिने हॉकीपटू व्लादिस्लाव त्रेत्याकसह प्रज्वलित केली. तिच्या राजकीय भूमिकांवर कठोर टीका झाली आहे. अमेरिकन कुटुंबांना रशियन मुले दत्तक घेण्यास मनाई करणाऱ्या कायद्याला तिने पाठिंबा दिला, तो मला व्यक्तिशः वेदनादायक वाटतो, कारण ज्या देशाने तिला काम दिले त्याच देशात घर मिळण्याची वाट पाहणारी ती मुले होती. यावर चर्चा करायची असल्यास वेगळा धागा काढावा, इथे स्केटिंगविषयीच बोलत राहू. उत्तरायण, पूर्व जर्मनीच्या केर्मर आणि ओस्टरराइश या जोडीचे १९७६ चे चित्रमुद्रण आपल्या पाहण्यात असल्यास कृपया त्याविषयी लिहा; इन्सब्रूकमधील रौप्य त्यांचेच होते आणि त्यांच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.