शब्दचर्चा : पट्टा ‘घसरतो’, ‘सरकतो’ की ‘उतरतो’?

औसेकर : गाडीचा अल्टरनेटर बदलून घेतला, तवापासून सकाळी गाडी चालू केली की बॉनेटखालून चिर्र्र आवाज येलालाय. मिस्त्री म्हणतो, “डायनामो नवा हाय, पट्टा घसरलालाय, टेन्शनर टाका.” डायनामो म्हंजेच अल्टरनेटर का? अन् टेन्शनरला मराठी शब्द काय?

जालनेकर : डायनामो हे जुन्या जीपांच्या काळापासून चिकटलेलं नाव. दोन्ही इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून गाडीसाठी वीज तयार करतात. खरा डायनामो डीसी वीज देतो. अल्टरनेटरमध्ये एसी तयार होते आणि आतले डायोड तिची डीसी करतात. गॅरेजात दोन्हीला डायनामोच म्हणतात, त्यानं काही अडत नाही. टेन्शनर म्हणजे पट्टा ताणून धरणारा भाग, त्याला ‘ताणक’ म्हणता येईल, पण दुकानात मागून बघा, मिळाला तर आम्हालाही कळवा.

माझ्या मते खरा घोळ ‘घसरलालाय’मध्ये आहे, दादा. पट्टा घसरतो म्हणजे पुली एका वेगानं फिरते आणि पट्टा तिला धरत नाही. ताण कमी, पट्टा गुळगुळीत झालेला, नाहीतर तेल लागलेलं. सरकतो म्हणजे कडेकडे जातो, म्हणजे पुल्या एका रेषेत नाहीत. उतरतो म्हणजे पुली सोडून पार बाहेर. पिठाच्या गिरणीवाल्याला हे सांगावं लागत नाही. गाडीच्या मिस्त्रीला मात्र सगळंच ‘घसरलं’ असतं, आणि घसरलं की टेन्शनर बदला!

इंजिन चालू ठेवून, हात अन् गमछा लांब ठेवून, पट्ट्याच्या धारांच्या (आतल्या लांबट उभट रेघांच्या) बाजूला बाटलीनं थोडं पाणी शिंपडा. आवाज वाढला तर घसरतोय. क्षणभर थांबून परत आला तर सरकतोय.

परभणीहून : नव्या अल्टरनेटरची पुलीही बघा. बऱ्याच डिझेल गाड्यांत ही पुली एकाच दिशेनं पकडते, उलट बाजूला मोकळी फिरते. तिच्या जागी साधी घट्ट पुली आली की टेन्शनरचा हात थडथडायला लागतो आणि दोष बिचाऱ्या टेन्शनरवर येतो. पट्ट्यावर ‘6पीके’ लिहिलेलं असेल तर 6 म्हणजे धारा, पुढचा आकडा मिलिमीटरमधली लांबी. पट्टा एक धार बाजूला बसला तरी फिरत राहतो, पण कडेनं उसवत जातो.

नांदेडकर : आमच्या जुन्या ट्रॅक्टरला टेन्शनर नाहीच. अल्टरनेटरच टॉमीनं (लोखंडी दांड्यानं) रेटायचा आणि लांबट भोकातला बोल्ट आवळायचा. त्याला ‘पट्टा ताणणे’ म्हणतात. ‘पट्टा चढवणे’ वेगळं, ते पुलीवर बसवणं. जास्त ताणला तर अल्टरनेटरचं बेअरिंग घूं करायला लागतं. गिरणीच्या सपाट पट्ट्याला राळ लावतात म्हणून गाडीच्या पट्ट्याला कुणी राळ, साबण, ग्रीस लावू नका.

औसेकर : पाणी मारलं. आवाज थांबला अन् लगेच परत आला. मिस्त्रीला म्हणलं, “घसरत नाही, सरकलालाय.” त्यानं पुल्यांना सरळ पट्टी लावली, तर अल्टरनेटरची पुली पुढं आलेली. ब्रॅकेटच्या मागचं वायसर चुकून पुढं बसवलं होतं. ते जागेवर गेलं, आवाज गेला. टेन्शनर जुनाच हाय.

जालनेकर : छान. आता ‘वायसर’ की ‘वाशर’ यावर कुणी भांडू नका, त्याला वेगळा धागा काढा.