‘री-ॲनिमेटर’ : फ्रँकेन्स्टाइनचा वारस की नुसती रक्ताची धुळवड?

धागालेखक
मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ या कादंबरीत (१८१८) खरे भय मढे उठून बसण्याचे नाही, तर ज्याला आपण जन्म दिला त्याला वाऱ्यावर सोडून देण्याचे आहे. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनने मृत अवयवांतून घडवलेला तिचा प्राणी निर्मात्यासमोर उभा राहून जाब विचारतो. अमेरिकन भयकथाकार लव्हक्राफ्टने १९२२ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या, प्रेते जिवंत करू पाहणाऱ्या हर्बर्ट वेस्टच्या कथेत हा जाबच गाळला आणि तिच्यावरच्या स्टुअर्ट गॉर्डनच्या ‘री-ॲनिमेटर’ या चित्रपटाने (१९८५) उरलेसुरले गांभीर्यही धुऊन काढले, असे माझे मत आहे. हिरवे चमकते द्रव्य टोचलेली प्रेते येथे किंचाळतात आणि अंगावर धावून येतात, एवढेच. बोलते ते वेस्टच्या प्राध्यापकाचे, डॉ. हिलचे, धडावेगळे डोके; पण मेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणाऱ्या या माणसाला मृत्यूनंतरही दुसऱ्याचा शोध लाटणे आणि मेगन या तरुणीची अभिलाषा यांपलीकडे काही सुचत नाही.

निशाचर
असहमत. हिलचे डोके टेबलावर नीट उभे राहीना, तेव्हा वेस्ट ते कागद टोचून ठेवायच्या सळईवर शांतपणे रोवतो आणि कामाला लागतो. वेस्ट साकारणाऱ्या जेफ्री कोम्ब्सच्या चेहऱ्यावर या वेळी ना घृणा, ना आसुरी आनंद. फक्त कामातली अडचण दूर झाल्याचे समाधान. प्रयोग फसला की दोष नेहमी शवाचा, ते पुरेसे ताजे नव्हते! व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन निदान पश्चात्तापाने खंगतो. वेस्टला ती जाणीवच नाही, आणि आपण हसतो ते त्यामुळेच.

शिवाय लव्हक्राफ्टच्या निनावी निवेदकाच्या जागी गॉर्डनने डॅन हा भावी डॉक्टर, मेगनचा प्रियकर, आणला आहे. सुरुवातीला रुग्ण दगावल्यावरही तो छाती दाबत राहतो आणि वरिष्ठ डॉक्टर त्याला थांबवतात. शेवटी मेगन मरते तेव्हा थांबवणारे कोणी नसते आणि तो तेच द्रव्य तिला टोचतो. पडदा काळा होतो, किंकाळी ऐकू येते. महत्त्वाकांक्षेने जे केले तेच प्रेमानेही केले, हे शेलीच्या प्रश्नापासून फार दूर आहे काय?

काजळी
डॅनचे दुःख तुम्ही मांडलेत, पण मेगनचे काय? लव्हक्राफ्टच्या कथेत स्त्रीपात्र जवळजवळ नाहीच. गॉर्डनने ते आणले आणि टेबलाला बांधून त्या डोक्याच्या हवाली केले. बार्बरा क्रॅम्प्टन यांनी ही भूमिका जीव ओतून केली आहे, तरी हा प्रसंग कॅमेरा हिलच्या बाजूने चवीने पाहतो, असे मला वाटते.

निशाचर
त्या प्रसंगाचे समर्थन मी करणार नाही. मात्र तेवढ्यावरून शेवटचे इंजेक्शन बाद ठरत नाही.

धागालेखक
ते बाद ठरवत नाही, अपुरे म्हणतो. शेलीची कादंबरी जेथे खरी सुरू होते, म्हणजे उठलेला जीव डोळे उघडून समोरच्याकडे पाहतो, नेमका तेथेच हा चित्रपट संपतो. मेगनला डॅनशी एक वाक्य बोलू दिले असते, तर मी वारसा निमूटपणे मान्य केला असता.