मंडईच्या नाटकात मुसलमान बाईचं पात्र: बुरखा, तलाक आणि रडणं यापलीकडे काय लिहावं?

धानपट्टा
नमस्कार मंडळी. भंडारा जिल्ह्यातल्या गावच्या नाट्य मंडळासाठी यंदाच्या मंडईला (म्हणजे गावच्या जत्रेला) तीन अंकी नाटक लिहिणं चालू आहे. गोष्टीत हलिमाबी नावाची बाई आहे. पहिल्या खर्ड्यात ती तीनच कामं करते: बुरख्यात येते, नवरा तीनदा तलाक म्हणतो, रडत निघून जाते. हे पात्र सिनेमातून उचललेलं आहे, गावातलं नाही. मंडपात गावच्याच मुसलमान बायका बसलेल्या असणार, त्यांच्यासमोर हे दाखवायचं नाही. बोली, कपडे, निकाह, तलाकचा कायदा यात नेमकं काय चुकतं ते सांगा. प्रयोग रात्रभर चालतो, प्रवेशांना जागा भरपूर आहे.

कपाशीचं_बोंड
आधी तिला काम द्या. पडद्यावरची मुसलमान बाई काम करताना दिसतच नाही, मूळ दुखणं तिथं आहे. हिंदी सिनेमात १९४० ते ६० च्या दशकांत ‘मुस्लिम सोशल’ असा एक प्रकारच होता: लखनौ, नवाब, मुशायरा, आणि बाई एकतर चिलमनीआड नाहीतर कोठ्यावर. पुढे नवाब गेले आणि तीच बाई अतिरेक्याची आई किंवा तलाकपीडित म्हणून परत आली. आपल्याकडची बाई यात कुठेच बसत नाही. वऱ्हाडात ती कापूस वेचते, तुमच्याकडे रोवण्याला (भातलावणीला) जाते, बचत गटाचं रजिस्टर ठेवते, आशा सेविका असते.

माझं मत विचाराल तर हलिमाबीला मन्यारीण करा. बांगड्या भरणारी बाई गावातल्या प्रत्येक घराच्या आतल्या खोलीपर्यंत जाते, पाटलाच्याही आणि मजुराच्याही. माप ती विचारत नाही. हात हातात घेतला की दोन-चार लागेल की दोन-सहा हे तिला कळतं (दोन-चार म्हणजे दोन आणि चार सोळांश, आतून सव्वादोन इंच). समोरचीचा हात गुडघ्यावर घेऊन अंगठा तळव्यात दुमडायचा, अंगठ्याच्या मुळाशी दाबत हात सैल करायचा आणि बांगडी पेरांवरून तिरपी सरकवायची. सरळ ढकलली की काच फुटते आणि हात कापतो. नटीकडून हे तालमीत रोज करून घ्या. प्लॅस्टिकच्या बांगड्या नकोत, काचेचा आवाज मंडपात पोचला पाहिजे.

आता गोष्टीकडे बघा. पाटलाच्या सुनेच्या मनगटावरचा निळा वळ सगळ्यात आधी कोणाला दिसेल? हलिमाबीलाच. नाटक तिथून पुढं जाऊ द्या. तिच्या धर्मावर तिचं सगळं पात्र टांगून ठेवायची मग गरज राहत नाही.

पूर्णाकाठची
कपडे आणि बोलीबद्दल लिहिते.

घरात कोणी बुरखा घालत नाही. चुलीपुढे बुरख्यात बसलेली बाई दाखवली की पहिल्या रांगेतल्या आपा-खाला तिथंच ओळखतात की लिहिणारा कधी घरात आलेला नाही. बुरखा तालुक्याला, दवाखान्यात किंवा लग्नकार्याला निघताना, तोही सगळ्याजणी घालत नाहीत. नकाब म्हणजे तोंडावरचा कपडा, ते वेगळं. गावातल्या म्हाताऱ्या बायका साडीतच असतात, डोक्यावर पदर. त्याखालच्या वयाच्या सलवार-कमीज आणि ओढणीत. शेतात तर अंगात नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला दुपट्टा, बाजूच्या ओळीतल्या बाईसारखंच. काळी पोत आणि हिरव्या बांगड्या बऱ्याच घरांत चालतात. कुंकू लावत नाहीत.

बोलीत लखनवी उर्दू आणली तर पात्र मेलंच समजा. घरात आपली विदर्भी हिंदी: ‘अगे, हंडा उतार पहले, बाद में चाय पी. मेरेकू काम हय.’ दारात शेजारीण आली की त्याच तोंडात झाडीबोली: ‘काऊन वो, आज रोवण्याले नाही गेली?’ तिची मराठी मोडकी दाखवू नका, ती तुमच्याइतकीच सराईत बोलते. भाषा बदलते ती माणूस बदलल्यावर, एका वाक्यात दहा वेळा ‘या अल्लाह’ घालून नव्हे. गावातली हिंदू पोरं तिला चाची म्हणतील.

निकाहाचा प्रवेश ठेवला तर क्रम सांभाळा. वकील (कोर्टातला नव्हे, नवरीच्या वतीने बोलणारा) आणि दोन साक्षीदार आधी नवरीकडे जातात. मुलाचं नाव आणि मेहरची रक्कम सांगून तिची मंजुरी विचारतात, निकाहनाम्यावर तिची सही घेतात. मग काझी खुतबा (निकाहचं प्रवचन) पढतात आणि नवऱ्याकडून कबुली घेतात. म्हणजे आधी तिचा होकार. सिनेमात हेच गाळून नुसतं ‘कबूल है’ ठेवतात. मेहर नवऱ्याने बायकोला द्यायची असते, तिच्या बापाला नाही. ही चूक फार होते.

तालुक्याचा_वकील
तीनदा तलाक म्हटलं आणि संसार संपला, हा प्रवेश आजच्या काळात दाखवला तर कायद्याने खोटा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ ला एका दमातला तिहेरी तलाक ३ विरुद्ध २ अशा निकालाने रद्द केला. २०१९ च्या कायद्याने तो बोलून, लिहून किंवा मोबाइलवरून दिला तरी निरर्थक ठरतो, लग्न टिकतं, आणि नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. तक्रार बायकोला किंवा तिच्या रक्ताच्या वा लग्नाच्या नातेवाइकालाच करता येते. मॅजिस्ट्रेटने तिचं म्हणणं ऐकल्याशिवाय जामीन नाही. निर्वाह भत्ता आणि अल्पवयीन मुलांचा ताबा तिला मागता येतो. तलाकचे टप्प्याटप्प्याचे प्रकार आणि बायकोने मागितलेला घटस्फोट, म्हणजे ‘खुला’, अजून आहेत. १९३९ च्या कायद्याने तिला कोर्टातूनही सुटता येतं, उदाहरणार्थ नवऱ्याने दोन वर्षं पोटगी दिली नाही तर.

शेवटी दुसऱ्याच कोणी येऊन तिला सोडवतो, हे कृपा करून टाळा. १८ एप्रिल १९६६ ला समाजसुधारक हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम बायका मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या होत्या. २०१७ च्या खटल्यातली शायरा बानो स्वतः अर्जदार होती. हलिमाबीही स्वतःच ठाण्यात जाईल.

पडद्यामागचा
रंगमंचाच्या अडचणी. माइक वर टांगलेले असतात. नकाब घातला की आवाज दबतो आणि चेहरा गेला म्हणजे अभिनय गेला, म्हणून बुरखा ठेवायचाच तर तालुक्याला निघण्याच्या प्रवेशात, तोंड उघडं. अजानची रेकॉर्ड लावली तर ती पूर्ण होऊ द्या, तिला जोडून लावणी सुरू करू नका. कुराण जमिनीवर ठेवू नका, रेहलवर (ग्रंथ ठेवायच्या घडीच्या चौकटीवर) ठेवा. रमजान दाखवत असाल तर ऋतू पक्का धरू नका, तो दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो.

धानपट्टा
फार कामाचं. मन्यारीण पक्की झाली. आता फलकाचं विचारतो: पेंटरने हलिमाबी म्हणून काळ्या कपड्यातले दोन डोळे काढून आणले आहेत.

कपाशीचं_बोंड
परत करा. बातम्यांतही हेच होतं: बातमी दहावीच्या निकालाची असो की कर्जाची, शेजारी पाठमोऱ्या बुरख्यांचा जुना फोटो. पेंटरला सांगा, दोन हात काढ. एक बांगड्या भरणारा, दुसऱ्या मनगटावर वळ. खाली नाटकाचं नाव.