संत्र्याच्या आंबिया बहराआधी मेलिफेरा मधमाश्यांच्या पेट्यांना साखरेचा पाक: किती, कसा, कधी थांबवायचा?

बहार_कळमेश्वर
संत्र्याच्या बागेत मेलिफेराच्या दहा फ्रेमच्या 8 पेट्या आहेत. माश्या सहा फ्रेमवर, मध जेमतेम एका फ्रेममध्ये, ब्रूड (अंडी, अळ्या) दोन फ्रेमवर आणि तेही विरळ. बागेचा ताण (फुलांसाठी पाणी बंद ठेवणं) तोडून पाणी सुरू केलंय, फुलं साधारण तीन आठवड्यांत दिसतील. रात्री पारा 10 अंशांच्या आसपास उतरतोय. पाक किती दाट करू आणि कधी बंद करू?

हिंगणा_पेटीवाला
भाऊ, आधी दिवसांचा हिशेब बघा. आज घातलेल्या अंड्यातून कामकरी माशी 21 दिवसांनी निघते, आणि पुढचे दोन-तीन आठवडे ती पेटीच्या आतच राबते. म्हणजे आजच्या पाकावर वाढलेल्या माश्या संत्र्याला कामी येणार नाहीत. त्या जांभूळ, कडुनिंब, करंजाला मिळतील. संत्र्यासाठी वाढीचा पाक ताण चालू असतानाच, डिसेंबरमध्ये सुरू करावा लागतो. आता खरं काम आहे ते उपासमार टाळण्याचं.

पहिल्या दोन वेळा दाट पाक द्या: दोन किलो साखर, एक लिटर पाणी. थंडीत पातळ पाक आटवण्यातच माश्यांची ताकद जाते. नंतर एक किलोला एक लिटर (साधारण 1.6 लिटर पाक होतो), पेटीमागे अर्धा लिटर, एक दिवसाआड. पाणी उकळा, गॅस बंद करा, मगच साखर घाला. पाक उकळून साखर करपली तर माश्यांना जुलाब होतात. गूळ त्याच कारणाने नको. बाजारचा मध तर अजिबात नको, त्यातून फाउलब्रूड (अळ्या सडवणारा रोग) येऊ शकतो.

झाकणाला बारीक भोकं पाडलेला डबा फ्रेमवर उलटा ठेवत असाल तर एक सांभाळा. आपल्याकडे रात्री गारठा आणि दुपारी ऊन. अर्धा रिकामा डबा दुपारी तापला की आतली हवा फुगते, पाक गळतो, मुंग्या येतात आणि शेजारच्या पेट्या लुटायला धावतात. म्हणून रात्रीत संपेल तेवढाच, कोमट, सूर्य मावळताना द्या. सगळ्या पेट्यांना एकाच संध्याकाळी द्या आणि दार दोन बोटांएवढं करा.

सातेरी_प्रेमी
सातेरीच्या (आपली देशी मधमाशी) पेट्या असणाऱ्यांनी हे प्रमाण निम्म्यावर आणावं. पेटी सारखी उघडू नका, त्रास झाला तर सातेरी घर सोडते.

बहार_कळमेश्वर
समजलं. ब्रूड विरळ आहे ते पोलन (पराग) कमी म्हणून का? आजूबाजूला हरभरा आणि गहूच आहे.

रामटेक_मधुपालन
असू शकतं. हरभरा-गव्हातून माशीला फारसं काही मिळत नाही. मोहरी, कोथिंबीर फुलावर असती तर चित्र वेगळं असतं. सकाळी नऊ-दहाला दारावर पाच मिनिटं बसा. पायांवर पोलनचे गोळे घेऊन येणाऱ्या माश्या तुरळक असतील तर पॅटी (परागाऐवजी खाद्याचा गोळा) द्या: ब्रूअर्स यीस्ट 420 ग्रॅम, डाळ्याचं पीठ 40, साय काढलेल्या दुधाची पावडर 40, पिठीसाखर 500, आणि मळायला लागेल तेवढा पाक. यीस्ट निष्क्रिय हवं. बेकरीचं जिवंत यीस्ट आंबतं. 100 ग्रॅमची चपटी पॅटी बटर पेपरमध्ये गुंडाळा, खालच्या बाजूने चिरा द्या आणि ब्रूडच्या अगदी वर ठेवा. चार-पाच दिवसांत खाल्ली नाही तर काढा, नाहीतर बुरशी धरते.

पण त्याआधी राणी आणि माइट (माश्यांवरचे परजीवी कोळी) तपासा. खुरटलेल्या पंखांच्या माश्या दिसत असतील तर पाकाने काहीच सुटणार नाही.

हिंगणा_पेटीवाला
थांबवण्याबद्दल राहिलं: फुलं उमलायला लागली आणि कोशांत ताजा रस चमकू लागला की त्याच दिवशी फीडर (पाकाचा डबा) काढा. सुपर (मधासाठीचा वरचा कप्पा) त्यानंतरच चढवा. पाक भरलेल्या फ्रेम खालीच ठेवा, त्यातला माल मध म्हणून काढायचा नाही. आणि सिलासाठीची (संत्र्यावरची रस शोषणारी कीड) फवारणी कळ्या उमलण्याआधीच उरकायला बागमालकाला आत्ताच सांगून ठेवा.